कांद्याच्या वेण्या कापू नका

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. कधी झाला तेही सांगून टाकतो, म्हणजे उद्या कुणी "असं काही घडलंच नव्हतं" म्हणायला नको. एकोणीसशे सहासष्ट साली, अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळचा चहा चुलीवरून उतरल्यावर. जागा: तारापूरच्या बाजूला समुद्रकाठी तिचं जे घर आहे, त्याची मागची पडवी. हत्यार: मासे कापायची विळी. अन्याय करणारा: मी.

आम्ही चळवळीतली मुलं दुसऱ्यांचे अन्याय मोजण्यात पटाईत असतो. हा माझा आहे, म्हणून तो आधी.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला. त्यानंतर तिनं किनाऱ्यावर मासळी निवडली, वाळवली, विकली. वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झाल्यावर घाटावरून आलेले कामगार तिच्याकडे दोन वेळा जेवू लागले. त्यांतला एक फिटर मला चांगला आठवतो, कारण या प्रकरणात त्याचाही थोडा हात आहे.

आमच्या पट्ट्यात कांदा म्हणजे पांढरा कांदा. चपटा, पाणीदार, गोडसर. कच्चा खाल्ला तरी डोळ्यांतून टिपूस येत नाही. आत्याकडे शेत नव्हतं. ती शिमग्यानंतर सुक्या बोंबलांची पाटी डोक्यावर घेऊन केळव्याकडच्या वाडीवाल्यांकडे जायची आणि येताना पातीसकट कांदे घेऊन यायची. त्यांना पावसाळ्यासाठी बोंबील हवे असत, तिला कांदा. वर्षानुवर्षांचा शब्द होता, वजनकाटा कुणी काढत नसे.

मग वेण्या. कांद्याची वाळकी पात तीन पदरी विणायची, मध्ये केळीच्या सोपाची, म्हणजे खोडाच्या सालीची, दोरी घालत जायची. हे काम पहाटे. का, तर रात्रीच्या दवानं पात मऊ पडलेली असते; ऊन चढलं की कडकते आणि मोडते. हे मला कुणी शिकवलं नाही, मी विचारलंही नाही. मी त्या वेळी झोपलेला असे.

वेणीत घालण्याआधी ती प्रत्येक कांद्याची मान दोन बोटांत धरून बघायची. मान म्हणजे कांदा जिथे संपतो आणि पात सुरू होते ती जागा. जाड मानेचा कांदा एका बाजूला, बारीक मानेचा दुसऱ्या. "जाड्या मानंचा उतावळा असतो," ती म्हणायची. "त्याला आधी खायाचा. नायतर तो आपल्याला खातो." जाड्या मानेच्या वेण्या दाराजवळ टांगल्या जात, पाऊस लागायच्या आत संपवायला. मध्यम मानेच्या मधल्या वाशांवर. आणि सगळ्यात बारीक, सुकून घट्ट झालेल्या मानांच्या वेण्या चुलीच्या वर, धुराच्या वाटेवर. त्या श्रावणासाठी. वेणी सोडायची ती खालून. वरचा कांदा तोडला की वीण सैल पडते, खालचे गळतात. सुक्या मासळीच्या टोपलीशेजारी वेणी कधी टांगायची नाही, कारण मासळीतलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं. कौल कुठे ठिपकतं ते तिला पावसाआधी ठाऊक असे आणि त्याच्याखाली ती काहीही टांगत नसे, अगदी आपलं लुगडंसुद्धा.

आणि स्वयंपाक! बोंबलाच्या कालवणासाठी ती दोन कांदे सालासकट निखाऱ्यात ढकलायची. साल करपून काळी झाली, आतून रस फुटून चुर्र आवाज आला की काठीनं ओढून काढायचे, राख झटकायची आणि सुक्या खोबऱ्याबरोबर पाट्यावर घ्यायचे. त्या वाटणाला जो गोडवा येतो तो साखरेला येत नाही. सुकटीत ती कांदा किती घालायची? सुकट दिसेनाशी होईल इतका. तो घाटावरचा फिटर पहिल्या दिवशी म्हणाला होता, "मावशी, ह्यात मासा कुटं हाय?" आणि दुसऱ्या घासाला गप्प झाला. त्यानंतर तो कुठे आहे हे त्यानं विचारलं नाही, फक्त "आजूक वाढा" म्हणू लागला.

हे सगळं मी लहानपणापासून बघत होतो आणि मला यातलं काही दिसत नव्हतं. मला दिसत होती पत्रकं.

मॅट्रिक झाल्यावर मी पालघरला एका छापखान्यात खिळे जुळवायला लागलो. आम्हा पाचसहा तरुणांचं एक मंडळ होतं. काम एकच: पत्रकं काढायची. प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह. आमच्या छापखान्यातली उद्गारचिन्हं बाकी खिळ्यांच्या आधी झिजली ती आमच्यामुळे. त्या वर्षी विषय ठरला: पावसाळ्यापूर्वीची घरव्यवस्था. सात कलमं. पाणी उकळा, उंदीर मारा वगैरे. चौथं कलम माझं. ते मी आत्याच्याच घरी जेवताना ऐकलेल्या बोलण्यावर लिहिलं.

फिटर म्हणाला होता, "आमच्याकडं कांदा असा टांगत न्हाईत. पात कापायची, मान सुकली का बघायची, मग ढीग. लई दिवस ऱ्हातो."

तो खरंच बोलत होता. त्याच्या गावच्या लाल कांद्याबद्दल. मधलं वाक्य, मान सुकली का बघायची, ते मी गाळलं. पत्रकात लांब वाक्यं बसत नाहीत. कांदा आणि कांदा यांत फरक असेल हे माझ्या मनातही आलं नाही. छापलं ते असं:

"४) कांद्याच्या वेण्या घालून त्या राहत्या घरात टांगणे ही अडाणी व अनारोग्यकारक चाल बंद करा! वेण्या कापून टाका! पात जाळा! कांदा पोत्यात भरा!"

हे पत्रक घेऊन मी आत्याकडे गेलो. पडवीत पाचसात बायका बसल्या होत्या, आत्याच्या शेवटच्या वेण्या विणून द्यायला. मी उभा राहिलो आणि वाचायला लागलो. पहिली तीन कलमं त्यांनी ऐकून घेतली. चौथ्याला आलो.

"वेण्या कापून टाका!"

"कोनाच्या?" शेजारच्या काकीनं विचारलं. ही आत्याच्या कुडाला कूड लागून राहणारी, जिभेनं तिखट.

"कांद्याच्या."

"मग तसं सांग ना रे पोरा! मी आपला पदर डोक्यावर घट्ट केला."

"अगो, याचं लगीन जमत नाय," दुसरी म्हणाली, "म्हनून वेण्यांवर राग हाय याचा."

"जमलं की पयली बायकोची कापील. मग बोडकीला घेऊन फिरंल पालघरात, कागद वाटीत."

हशा पिकला. माझे कान तापले. मी ओरडलो, "हसा! अज्ञानाला हसायलाच येतं!" त्यावर तर त्या अजूनच हसल्या. काकीनं हातातली अर्धी वेणी आपल्या अंबाड्याला लावून दाखवली.

तेवढ्यात आत्या उठली. तिनं चहाचं भांडं बाजूला ठेवलं. वाशावरची पहिली वेणी काढली, विळीवर धरली आणि मानेशी कापली. कांदे पडवीभर घरंगळले.

"हसू नका गो," ती म्हणाली. "छापलेलं हाय ते. माज्या भावाच्या पोरानं छापलंय."

दुसरी वेणी. तिसरी. काकीच्या हातातली अर्धी वेणी तशीच राहिली.

"अगो, येड लागलं काय तुला? पावसात खाशील काय? खाणारी मानसं तुज्याकडं येतात."

"पोत्यातला खाईन," आत्या म्हणाली आणि चुलीच्या वरच्या, श्रावणासाठीच्या वेण्याही तिनं खाली घेतल्या.

मला काय वाटलं ते लपवत नाही. मला आनंद झाला. मला वाटलं, बदल झाला तो असा, एका पत्रकानं. पात मी स्वतः परसात नेऊन जाळली.

मग सायकलवर पत्रकांचे गठ्ठे घेऊन मी गावोगाव हिंडलो. एडवण, केळवे, मधल्या वाड्या. जिथे कुणी ऐकत नसे तिथे मी सांगत असे, "माझ्या आत्यानं कापल्यासुद्धा!" तिचं नाव मी जाहिरातीसारखं वापरलं.

मृग लागायला काही दिवस असताना परत तिच्याकडे गेलो. घराच्या अलीकडेच वास आला. सडक्या कांद्याचा वास ज्याला माहीत आहे त्याला मी सांगायला नको, आणि ज्याला माहीत नाही त्याला सांगून कळणार नाही. अंगणात फिटर उभा होता. सुट्टीचा वार होता.

"या पुढारी," तो म्हणाला. "नाकाला रुमाल लावा. तुमचं चौथं कलम लई पिकलंय."

पोती रिकामी करून आत्यानं कांदा चटयांवर पसरला होता. पाणीदार, ओल्या मानेचा पांढरा कांदा. मान उघडी पडली की हवेतली सगळी ओल तिथूनच आत शिरते. पातीचं झाकण होतं तोवर तो जिवंत होता. ते झाकण मी जाळलं होतं.

मी काहीतरी बोलायला गेलो. ती म्हणाली, "बस. हात धू आन् बस. बोलून कांदा सुकत नाय."

त्यानंतरचे दोन दिवस मी जे पाहिलं, त्याच्यापुढे आमच्या मंडळाचं सगळं वाङ्मय कचरा आहे. ती एक एक कांदा उचलायची, नाकाशी न्यायची, अंगठ्यानं मान दाबायची आणि टाकायची: हा गेला, हा अर्धा, हा खरा. डोळ्यांना चांगला दिसणारा कांदा ती "गेला" म्हणायची. मी हट्टानं एक चिरून पाहिला. आत, मधल्या पाकळीत, तपकिरी पाणी होतं. दुसरा चिरला नाही.

अर्ध्या कांद्यांच्या सडक्या पाकळ्या काढून उरलेले तिनं पातळ चिरले आणि किनाऱ्यावर, बोंबील वाळवायच्या बांबूंच्या शेजारी, चटयांवर उन्हात घातले. वारा मिळावा म्हणून. वाळलेल्या कांद्याला अर्थातच बोंबलाचा वास लागला. फिटरनं एक काप तोंडात टाकला.

"मावशी, ह्यो कांदा आता माळकऱ्याला चालायचा न्हाई."

"माळकऱ्याला कांदा तसाबी चालत नाय. चीर तू."

फिटर चिरत होता. मी चिरत होतो. चिरायला आम्ही दोघं पुरे पडत नव्हतो. तेव्हा कुडापलीकडून काकी आली, आपली विळी घेऊन. मागोमाग बाकीच्याही. मला वाटलं, आता ऐकून घ्यायचं. काकीनं बसता बसता एवढंच म्हटलं, "सरक रे न्हाव्या." त्या दिवसापासून त्या गावात माझं नाव न्हावी. वेण्या कापणारा. आजही तेच आहे आणि ते मला मान्य आहे.

दुसरा ढीग तिनं तेलात काळपट होईस्तोवर परतला, सुक्या खोबऱ्याबरोबर वाटला, बरणीत दाबला आणि वर बोटभर तेल ओतलं. पावसात ओलं लाकूड पेटत नाही, निखारे होत नाहीत, तेव्हा भाजल्या कांद्याचं काम या बरणीनं करायचं. तिसरा ढीग लहान, खऱ्या कांद्यांचा. ते सोलून अख्खे ठेवायचे होते. त्यासाठी तिला आंबट हवं होतं.

"तुज्याकडं ती ताडी हाय काय गो, आंबून गेलेली?" तिनं काकीला विचारलं.

होती. आंबून आंबून तिचा शिरका झाला होता, नाकात गेला तर डोकं झिणझिणावं असा. काकीनं मडकं आणलं आणि माझ्याकडे बघून थांबली.

"पन याच्या कागदात ताडी ओतून द्या लिवलंय ना? कितवं ते?"

"पाचवं," मी म्हणालो.

"म्हंजी पाचव्या कलमानं चौथं वाचिवलं!" फिटर म्हणाला आणि आत्यासकट सगळे हसले. मीठ, हिरव्या मिरच्या, कांदे, त्यावर शिरका. बरण्यांची तोंडं फडक्यानं बांधली.

काम उरकून बायका गेल्यावर मी तिला विचारलं, "आत्या, पात कापली की सडणार हे तुला ठाऊक होतं?"

"कांद्याला ठावं होतं. मग मला नसंल?"

"मग कापल्यास कशाला?"

ती विळी धूत होती. वर न बघता म्हणाली, "त्या हसत होत्या ना तुला."

मी खाली पडलेली कांद्याची सालं गोळा करायला लागलो.

"माजं सोड," ती म्हणाली. "माजं मी भागवीन. पन तो कागद कुटं कुटं वाटलास तू?"

मी गावं सांगितली.

"त्या बायांचा तू कोन? त्यांनी कशापायी सोसायचं? त्यांच्या घरात पन पावसाला तेवढाच आधार. जा. ते खोटं हाय म्हनून सांग. आजच जा. पाऊस लागायच्या आत."

गेलो. सायकल तीच, रस्ते तेच. काहींनी ऐकलं. काहींनी मुळातच कापल्या नव्हत्या, त्या शहाण्या. पण एडवणला एका घरी मी थिजलो. पत्रक भाताच्या खळीनं भिंतीला चिकटवलेलं, देवाच्या तसबिरीखाली. वाशांवर वेण्या अजून होत्या, आणि घरची बाई म्हणाली की उद्या कापणार.

"कापू नका," मी म्हणालो. "ते चुकलंय."

"छापलेलं चुकतं काय?"

"चुकतं. मीच लिहिलंय."

"मग लिवलेलं चुकलं आन् तोंडानं सांगतोस ते चुकत नाय होय? कागद दाव."

माझ्याकडे कागद नव्हता. छापील खोट्याला छापील खरंच लागतं. पालघरला येऊन मी मंडळाच्या बैठकीत सांगितलं की दुरुस्तीचं पत्रक काढू, चार ओळी पुरेत. आमचे अध्यक्ष, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, शांतपणे म्हणाले, "एकदा चूक कबूल केली की पुढचं पत्रक कोण वाचणार?" मी म्हणालो, "आणि कांदे?" ते म्हणाले, "कांदे काय, पुढच्या वर्षी येतील." हे वाक्य ज्यानं उच्चारलं त्यानं आयुष्यात कधी सुकट-कांद्यावर पावसाळा काढला नव्हता. मतदान झालं. दुरुस्तीच्या बाजूला एक हात वर होता. त्या दिवशी मी मंडळ सोडलं. छापखान्याच्या मालकानं मंडळाच्या परवानगीवाचून खिळे द्यायला नकार दिला, कारण गिऱ्हाईक मंडळ होतं, मी नव्हतो.

आत्याचा पावसाळा निघाला. दर्या बंद, मासळी नाही, चार महिने तीच बरणी, तेच वाळके काप, तेच शिरक्यातले कांदे. जेवणारा एकही माणूस तिच्याकडून उठून गेला नाही. श्रावणात मी गेलो तर फिटर भाकरीबरोबर शिरक्यातला कांदा कुरकुरून खात होता. "मावशी, पुढल्या साली ह्येच करा," तो म्हणाला. ती रागावली. "चांगला कांदा आंबवायचा नसतो. हे अडीनडीचं खानं हाय." पुढच्या वर्षी पहाटे तिच्या पडवीत वेण्या विणायला बसलेल्यांत मी होतो. माझी पहिली वेणी दुपारपर्यंत सुटली. काकीनं ती उचलून सगळ्यांना दाखवली.

तिचं तिनं निभावलं. दुसरं काम, जे तिनं मला सांगितलं होतं, ते माझ्याकडून अजून झालेलं नाही. गेल्या चैत्रात बोईसरला एका ओळखीच्या कामगाराच्या खोलीवर गेलो होतो. नवरा कारखान्यात, बायको नुकती घाटावरून आलेली. कपाटाच्या आत तेच पत्रक डकवलेलं. आधीच्या भाडेकरूनं ठेवलेलं, हिनं पुसून जपलेलं. केळव्याहून आणलेल्या पांढऱ्या कांद्याच्या दोन वेण्या तिनं त्याच सकाळी कापल्या होत्या, स्वच्छ पोत्यात भरल्या होत्या, आणि पात जाळायला बाहेर ठेवली होती. शहाणी, टापटिपीची बाई. तिनं वाचलं तसं केलं. मी माझी चूक सांगितली तर तिनं कपाट उघडून मला ओळ दाखवली.

म्हणून हे छापून देतो आहे. मला दुसऱ्या कुणाच्या परवानगीची गरज उरलेली नाही.

पालघर, बोईसर, तारापूर, केळवे, एडवण, या बाजूला तुमचं घर असेल, तर उठा. भिंत बघा, कपाटाचं दार बघा, डब्याखालचे कागद बघा. सात कलमांचं ते पत्रक सापडलं तर चौथं कलम खोडा. पेन्सिलीनं नको, शाईनं. त्याच्या शेजारी लिहा: पांढऱ्या कांद्याची पात कापू नये. आणि तुमच्या शेजारी नवी आलेली बाई राहत असेल, तर तिच्याकडे जाऊन हे वाचून दाखवा. कागद हातात घेऊन जा. तोंडी सांगितलेलं ती ऐकणार नाही.